खाल्लेली पानं

गुलाबाच्या पानाच्या कडेला कुणीतरी अर्धगोल चकती कापून नेली होती. नखाएवढी, आणि कात्रीनं कापावी इतकी सफाईदार. एकाच फांदीवर अशी सात-आठ पानं. मी एक पान खुडून कागदात गुंडाळलं आणि नर्सरीत नेऊन दाखवलं. तिथल्या माणसानं एक बाटली हातात दिली, लिटरला किती टाकायचं ते सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी मी अंगणातल्या सगळ्या गुलाबांवर फवारणी केली. बारा वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. झाड आपलं, पान आपलं, कापणारा परका, एवढाच हिशेब होता.

कापणारा कोण, हे दोन वर्षांनी कळलं. फाटकाच्या पोकळ लोखंडी नळीत एक माशी शिरताना दिसली. साधारण मधमाशीएवढी, रंगानं काळसर, पोटाखाली पिवळट लव. पायांत धरलेली हिरवी चकती तिनं अंगाखाली घडी करून घेतली होती. मी पायरीवर बसून राहिले. ती नळीतून बाहेर आली, थेट गुलाबावर गेली, पानाची कड पायांत धरली आणि स्वतःभोवती फिरत कापत सुटली. चकती सुटता सुटता तिनं पंख सुरू केले आणि तुकड्यासकट उडाली. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंदं. ही लीफकटर बी, म्हणजे पानं कापणारी मधमाशी. पान ती खात नव्हतीच. नळीत पानांच्या तुकड्यांचं अंगठ्याच्या टोपणासारखं एक घर बनवायचं, त्यात पराग आणि मध भरायचा, त्यावर एकच अंडं घालायचं, वर गोल झाकण लावायचं, आणि मग त्याच्यापुढे दुसरं घर. ना पोळं, ना राणी, ना कामकरी. एकटी बाई, एकटीचा संसार. आपल्याकडे बांधावरच्या तुरीला शेंगा धरतात त्यात याच जातीच्या माश्यांचा मोठा हात असतो, हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मनात एवढंच आलं, की दोन वर्षांपूर्वी मी कुणावर फवारलं होतं.

मुघलांच्या काळात आपल्या या गावाला गुलशनाबाद, म्हणजे बागांचं गाव, म्हणत. पेशव्यांनी नाशिक हे जुनं नाव परत आणलं. पण बागेचं आणि या गावाचं नातं त्याच्याही कितीतरी आधीचं आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. आपण काय काय दान केलं ते त्यात त्यानं कोरून ठेवलंय. गाई, गावं, सोनं हे तर आहेच. एका ठिकाणी ३२,००० नारळाची झाडं दिल्याचीही नोंद आहे. मला त्यातली एक ओळ फार आवडते. भरुकच्छ (भरूच), दशपुर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) या ठिकाणी त्यानं धर्मशाळा दिल्या, आणि आराम, तडाग, उदपान करवले. आराम म्हणजे बाग, तडाग म्हणजे तळं, उदपान म्हणजे विहीर. तिन्ही एका दमात. वाटसरूला पाणी लागतं तशी सावलीची जागाही लागते, हे त्या माणसाला सांगावं लागलं नव्हतं. त्यातलं गोवर्धन हे आपल्या जवळचंच, गंगापूरच्या वाटेवर गोवर्धन नावाचं गाव आजही आहे.

तर, फवारणी थांबवली. पहिलं वर्ष वाईट गेलं, हे कबूल करायला हवं. मावा आला, पिठ्या ढेकूण आला, जास्वंदीच्या कळ्या गळल्या. पाण्याचा जोरात फवारा मारणं आणि हातानं पुसून काढणं यापलीकडे मी काही केलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर माव्यावर लाल ठिपकेदार ढालकिडे दिसायला लागले. त्यांच्या अळ्या काळ्या, खरबरीत, दिसायला अजिबात गोजिरवाण्या नाहीत. पूर्वी दिसल्या असत्या तर मी त्यांनाच आधी चिरडलं असतं, आणि त्या दिवसभर मावाच खात असतात. जे औषध माव्याला मारतं ते ढालकिड्यालाही मारतं. मावा आठवड्याभरात परत वाढतो, ढालकिडा वाढायला वेळ लागतो. म्हणून एकदा फवारलं की पुन्हा पुन्हा फवारावं लागतं. हे इतकं साधं गणित कोणत्याही बाटलीवर छापलेलं नसतं.

माझी खरी शाळा मात्र कढीपत्त्याखाली भरली. सासूबाईंनी दिंडोरीहून आणलेल्या मुनव्याचं, म्हणजे मुळातून फुटलेल्या रोपाचं झाड, आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर एक काळं-पिवळसर फुलपाखरू घुटमळतं, शेपूट टेकवल्यासारखं करतं आणि उडतं. तिथं मोहरीच्या दाण्याहून लहान, पिवळट, गोल अंडं असतं. ही लिंबावरची पाकोळी. लिंबू, कढीपत्ता, बेल अशा एकाच कुळातल्या झाडांवर तिची पिल्लावळ वाढते. अंड्यातून येणारी अळी आधी तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, हुबेहूब पक्ष्याची शिट. चार वेळा कात टाकली की हिरवीगार होते, पानात मिसळून जाते. तिला बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दोन शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. मी पहिल्यांदा दचकून हात मागे घेतला होता. आता नातवाला दाखवते, तो दर वेळी तितकाच दचकतो.

एका पावसाळ्यात मी रोज सकाळी मोजायचं ठरवलं. अंडी सोडून द्या, हिरव्या झालेल्या अळ्या अकरा. कोषापर्यंत पोचल्या तीन. बाकीच्या आठांचं काय झालं त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलं. दोन शिंपी पक्ष्यानं नेल्या. जास्वंदीची दोन पानं शिवून त्यानं घरटं केलं होतं आणि त्यात चोची उघडून बसलेले तिघे होते. एक कुंभारमाशीनं, म्हणजे जी भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं मडकं लिंपते तिनं. ती मडक्यात आधी अंडं घालते, मग अळीला डंख मारून बधिर करते, आत कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. बाकीच्या कशा गेल्या माहीत नाही. त्या हंगामात झाडाच्या वरच्या फांद्या पार बोडक्या झाल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, फोडणीला पान उरलं नाही, आणि तू मोजत काय बसलीस?" दिवाळीपर्यंत झाड पुन्हा भरलं. त्यानंतर काकूंनाही वर्षभर इकडूनच जातो कढीपत्ता.

आपण मुलांना भरवताना म्हणतो, एक घास चिऊचा, एक घास काऊचा. चिऊचा घास म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे तांदळाचा दाणा येतो. पण चिमणीच्या पिल्लाचा पहिल्या दिवसांतला घास दाण्याचा नसतोच, तो अळीचा असतो. दाणे टिपणारे आई-बाप पिल्लांसाठी मात्र अळ्या, नाकतोडे, माश्या वेचून आणतात. चिमण्या कमी झाल्या म्हणून काळजी करणारं मोठं काम आपल्या नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांनी उभं केलं, आणि २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. आमच्या कॉलनीतही त्या दिवशी लाकडी घरटी वाटली होती. चांगलं झालं. पण घरटं टांगून खाली सगळीकडे औषध मारलं, तर त्या घरट्यात पिल्लं कशावर वाढायची? आईला दिवसभरात शेकडो फेऱ्या माराव्या लागतात, आणि प्रत्येक फेरीला काहीतरी हलणारं, मऊ सापडावं लागतं. म्हणून मला खाल्लेलं पान दिसलं की हल्ली बरं वाटतं.

इथवर सगळं माझ्या फाटकाच्या आतलं होतं. बाहेरची गोष्ट ओपन स्पेसची.

ज्यांनी कधी ले-आउटचा नकाशा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती कुणाची मेहेरबानी नसते. आपण प्लॉट घेतो तेव्हा त्या मोकळ्या जागेच्या भरवशावरच घेतलेला असतो. आमच्या कॉलनीच्या वाट्याला आलेली जागा अकरा गुंठे आहे. पूर्वी इथे द्राक्षाचा मळा होता. कोपऱ्यात उंबर आहे, त्याच्या बुडाशी बुजवलेल्या विहिरीची खूण. मध्ये दोन कडुनिंब, एक हिवर, आणि कडेनं आपोआप आलेलं रान: तरवड, टाकळा, रुई, आघाडा, एरंड. गणपतीत पत्री तिथूनच जायची.

काही वर्षांपूर्वी सुशोभीकरणाचा निधी आला. आराखड्यात होतं ते असं: पूर्ण जागेला पेव्हर ब्लॉक, मध्ये लॉन, कारंजं, ग्रीन जिम, कडेनं एकसारखी शोभेची झुडपं, आणि एका बाजूला समाजमंदिर. झाडांना सिमेंटचे पार. रान साफ. त्या कागदावर 'अनावश्यक झाडोरा काढणे' असे शब्द होते.

पहिल्या बैठकीत मी खूप बोलले आणि वाईट बोलले. फुलपाखरं, माश्या, पक्षी. लोकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि साप?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न चुकीचा नव्हताच. ज्यांच्या घरात रांगती मुलं आहेत, त्यांनी तो विचारायलाच हवा. मग डासांचा निघाला. आणि नाशिकमध्ये झाडी म्हटलं की बिबट्याचं नाव निघतंच. उसातून, नदीकाठानं येऊन तो वस्तीत शिरल्याचं आपण इतक्यांदा पाहिलंय, की कुणालाही नुसती समजूत घालून चालत नाही.

दुसऱ्या बैठकीला आम्ही तिघी-चौघींनी तयारी केली. ओपन स्पेसच्या मागच्या भिंतीला कुणाकुणाच्या घराच्या दुरुस्तीचा राडारोडा पडला होता, त्यात उंदरांची बिळं होती, आणि शिळं अन्नही तिथंच टाकलं जायचं. साप उंदरामागे येतो. आधी तो ढीग हलवला. डासांसाठी घरोघर फिरलो. डेंग्यूचा डास गवतात वाढत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि तो आम्हाला कूलरच्या टाकीत, कुंडीखालच्या ताटल्यांत आणि गच्चीवरच्या एका टायरमध्ये सापडला. एका काचेच्या ग्लासात वळवळणाऱ्या त्या अळ्या आणून बैठकीत टेबलावर ठेवल्या. त्या ग्लासनं जेवढं काम केलं तेवढं माझ्या भाषणानं नव्हतं केलं. बिबट्याच्या बाबतीत ठरलं ते असं: दाट जाळी होऊ द्यायची नाही, कुत्र्यांना-डुकरांना बोलावणारा कचरा टाकायचा नाही, संध्याकाळी लहान मुलांना एकटं सोडायचं नाही. पण आमच्या अकरा गुंठ्यांत गुडघाभर तरवड आहे म्हणून बिबट्या येत नाही, हेही लोकांनी मान्य केलं.

वादाचं मूळ एका शब्दात होतं, ते मला त्या दिवसांत कळलं. स्वच्छ. आपण 'जागा स्वच्छ केली' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. प्लास्टिक, बाटल्या, राडारोडा उचलणं ही एक. आणि पाचोळा, गवत, वाळकी फांदी काढून माती उघडी पाडणं ही दुसरी. पहिली केली की जागा निरोगी होते, आणि दुसरी केली की ती मरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पानं टाकतो, तेव्हा आमच्याकडे रोज सकाळी झाडलोट होऊन ढीग पेटवला जायचा. आता कोंबडीच्या जाळीचं एक गोल कडं उभं केलंय, चार फूट रुंदीचं. पाचोळा त्यात जातो, अधूनमधून शेणकाल्याचं पाणी. एक पावसाळा गेला की तळाशी चहाच्या पुडीसारखी काळी माती मिळते. सकाळी सातभाई पक्ष्यांची टोळी येते आणि कड्याच्या भोवती सांडलेला पाचोळा उलटापालटा करत बसते. त्यांना त्यात काय मिळतं ते पाहायचं म्हणून मी एकदा मूठभर उचलला: दोन गांडुळं, एक वाणी किडा, पांढऱ्या नाजूक बुरशीचं जाळं, आणि पानाखाली झोपलेलं बोटाच्या पेराएवढं बेडकाचं पिल्लू. मी ते होतं तसं परत ठेवलं.

कडुनिंबांपैकी एक मात्र गेला. बैठकांचं ठरायच्या आतच पाराचं काम सुरू झालं होतं. खोडाला चिकटून काँक्रीट ओतलं, त्यासाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडली. मी त्या सकाळी गावी होते. परत आले तेव्हा पार सुकत होता, वर गुळगुळीत फरशी. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या परिघातलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. कारण उघड आहे: मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. पुढच्या मे महिन्यात वळवाच्या पावसात आमचा तो कडुनिंब झोपला. मुळांसकट उपटला गेला, आणि ज्या बाजूचं मूळ तोडलं होतं ती बाजू वर आली होती. हाताएवढ्या जाड मुळांची टोकं करवतीनं कापल्यासारखी सपाट. त्या झाडावर दर थंडीत उत्तरेकडून पर्ण वटवटे यायचे, चिमणीहूनही लहान, पानामागून पान तपासत फिरणारे. त्या वर्षी ते आले आणि उरलेल्या एकाच झाडावर राहिले. मला ते अजून लागतं.

उंबर वाचला, तो कागदामुळे. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष जतन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'हेरिटेज ट्री', म्हणजे प्राचीन वृक्ष, म्हणून वेगळं स्थान मिळालं. आमच्या उंबराचं वय कसं सांगायचं? ज्यांचा हा मळा होता त्या घरातले आजोबा ऐंशीच्या पुढचे. ते काठी टेकत आले, खोडावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "माझे वडील इथं मोट हाकायचे, तेव्हा बैल याच्याच सावलीला बांधायचे." आम्ही ते लिहून घेतलं, घेर मोजला, फोटो काढले, मंजूर ले-आउटची प्रत मिळवली आणि सगळं अर्जाला जोडलं. माझं इतरांना आवर्जून सांगणं आहे: तुमच्या कॉलनीतली झाडं आज मोजून ठेवा, नाव, घेर, जागा, फोटो. झाडावर नोटीस लागल्यावर धावपळ करण्यात अर्धा वेळ जातो. २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तपोवनातली झाडं कुंभमेळ्यातल्या साधुग्रामासाठी तोडली जाणार म्हटल्यावर नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हा मीही गेले होते. तिथं एक वाक्य सारखं कानावर येत होतं, एकाच्या बदल्यात दहा लावू. लावावीत, शंभर लावावीत. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर लोकांनी स्थानिक झाडं लावून, पाणी घालून देवराई उभी केलीय, तिथं जाऊन पाहावं किती वर्षं खपावं लागतं. पण रोपाला ढोली नसते. पिंगळ्याला, तांबटाला, पोपटाला आज राहायला ढोली लागते.

उंबराचं फळ कधी फोडून पाहिलंय? फूल बाहेर कुठंच दिसत नाही, ते फळाच्या आत. सुईच्या टोकाएवढं एक भोक, त्यातून एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, आत ती फुलांना पराग देते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिची पिढी आतच वाढते आणि पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडते. उंबराला हीच माशी हवी, माशीला हाच उंबर. म्हणून कॉलनीत फवारणीचं यंत्र येतं तेव्हा मी उंबराच्या बाजूला जाऊन उभी राहते. भर उन्हाळ्यात, बाकी झाडांवर काही नसताना, हा खोडापासून फांद्यांपर्यंत लदबदतो. हरियालांचा थवा, तांबट, कोकिळा, रात्री वटवाघळं. पूर्वी आम्हाला पक्षी पाहायचे तर गाडी काढून नांदूरमध्यमेश्वरला जायचं असंच वाटे. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ते, २०२० मध्ये जाहीर झालेलं, आणि तिथं जायलाच हवं. पण आपल्या राज्यपक्ष्याला, हरियालाला, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं.

शेवटी तडजोड झाली. पेव्हर ब्लॉकऐवजी चालायला दाबलेल्या मुरमाची वाट, म्हणजे पाणी जिरतं. लॉन रद्द; त्याला उन्हाळ्यात लागणारं पाणी ऐकून बायकांनीच नको म्हटलं. ग्रीन जिम झालं, ज्येष्ठ मंडळी वापरतात. दिवे हवेच होते, ते फक्त वाटेवर, खाली तोंड करून, दहानंतर बंद. दोन कडांना सहा-सहा फुटांचा पट्टा रानासाठी सोडला. तो दिवाळीनंतर, बी झडल्यावर, वर्षातून एकदाच कापायचा. तिथं रुईवर रुईचं फुलपाखरू वाढतं, टाकळ्यावर पिवळी पाकोळी. समाजमंदिराचा विषय अजून मिटलेला नाही, दर निवडणुकीआधी तो फाइलमधून वर येतो.

यंदा पावसाआधी कॉलनीची भिंत रंगवायला घेतली. त्या आठवड्यात कढीपत्त्यावरची एक अळी नाहीशी झाली होती. दोन दिवसांनी सापडली, भिंतीवर, रेशमाच्या एका धाग्यानं स्वतःला बांधून तिरकी टेकलेली, भिंतीच्याच मळकट रंगाची. रंगारी दादा शिडी घेऊन तिथवर आले होते. मी त्यांना बोलावून जवळून दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं, "ह्याच्यात जीव आहे?" विचारलं, आणि ब्रश बाजूला घेतला. आठ दिवसांनी सकाळी कोष रिकामा होता. भिंत आता पिवळी आहे, आणि नळाच्या वरच्या बाजूला वीतभर जागा जुन्या रंगाची.